माहेरच्या मोसंबीची काडी

मोसंबीचं पान चुरगळलं की लातूर जिल्हा झाल्यानंतरचा पहिला कोरडा उन्हाळा आठवतो. माहेरच्या झाडाची काडी ओल्या फडक्यात आणून आईने जंभेरी लिंबाच्या खुंटांवर कलमं बांधली होती. भांडी विसळलेलं पाणी ती त्यांनाच घालायची. तरी कलमं पिवळी पडली. नव्या जिल्हा कचेरीतून आलेल्या शेतीच्या साहेबांनी एक उपटून कुजलेली मुळं दाखवली. “विषाणू काडीतूनच आलाय, बाई. त्यानं मुळं कमजोर झाली, म्हणून कूज लागली. सगळी काढा.” आई म्हणाली, “तिकडचं झाड तर दुष्काळात वाळलं, साहेब. आता माझं माहेर एवढंच हाय.” मग तिनेच एकेक उपटलं आणि पानं पदरात बांधून घेतली. आज माझ्या बागेतलं प्रत्येक कलम निरोगी आहे. तिच्या पदराचा तो वास मात्र एकाही पानाला येत नाही.