'येतो'मधली चौथी जागा

आमच्या बेळगावात घरातनं निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं. बायकासुद्धा 'येतो'च म्हणतात. पुण्याची माणसं हसतात, हसू देत. टिळकवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी माझी मैत्रीण घरी कन्नड बोलायची, पण निघताना तीही 'बर्तीनि' म्हणायची. म्हणजे तेच, येतो.

कॉलेजात असताना आम्हा दोघींना लोजबानचं खूळ लागलं. ही कुणाच्या आईची भाषा न्हवे, डोकेबाज माणसांनी बसून तर्कानं बनवलेली. आमच्या गावात दुकानाची पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून हमरीतुमरी होते, त्यामुळं ही कुणाचीच नसलेली भाषा आम्हाला लई आवडली. तिच्यात नवा शब्द करायचा तर मूळ शब्दांचे छोटे तुकडे जोडायचे. पण तेवढ्यानं भागत नाही. शब्दाच्या 'जागा' ठरवाव्या लागतात: कोण, कुठं, कुठून. त्या ठरल्याशिवाय व्याख्या पुरी होत नाही.

त्या भाषेत येणं आणि जाणं या दोन्हींना एकच शब्द, क्लामा. "मग आपलं 'येतो' कसं सांगायचं गं?" ती म्हणाली. आम्ही बसलो जोडायला. वचनाचा तुकडा नुप, परतण्याचा ख्रु, येण्याजाण्याचा क्ला. नुपख्रुक्ला! म्हणताना घशात भाकरीचा घास अडकल्यासारखं व्हायचं, आणि आम्ही हसून हसून लोळायचो. माझी आई आतनं ओरडायची, "खुळ्या झालासा काय गं पोरींनो?"

जागांवरून मात्र जुंपली. पहिली जागा जाणारीची, दुसरी जिथं परतायचं त्या ठिकाणाची, तिसरी जिथनं परतायचं त्याची. मूळ क्लामातल्या वाट आणि वाहन या दोन जागा आम्ही गाळल्या. चौथी जागा मी हट्टानं घातली: जिला वचन दिलंय, तिची. "वाट बघणारं कोणतरी पाहिजेच की," मी म्हटलं. तिनं कपाळावर हात मारला, पण नेटवरच्या शब्दकोशात व्याख्या टाकली ती चारही जागांसकट.

मग ती नोकरीसाठी कॅनडाला गेली. सांबऱ्याच्या विमानतळावर गळ्यात पडून "येतो गं" म्हणाली. तिचं तिकडंच लग्न झालं, मुलं झाली, मागनं तिचे आई-आप्पाही तिच्याकडं राहायला गेले. शेजारच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. तरी त्यांचं गेट वाजलं की मला वाटतं, आली. काय करायचं ह्या मनाला!

परवा रविवारी सकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि ती म्हणाली, "अगं, आपल्या त्या शब्दातली चौथी जागा काढून टाकूया काय? व्याख्या लई लांबट झालीय."

"असू दे की. जागा रिकामी सोडली तरी चालते, नियमच आहे तसा."

"कायम रिकामीच राहणार असली तर ठेवायची कशाला?"

ती व्याकरणाचं बोलत होती, पण मला ते नुसतं व्याकरण वाटेना. म्हटलं, "ते मरू दे. तू कधी येणार ते सांग."

पलीकडं तिनं खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आता न्हाय गं येणार मी," ती म्हणाली. "पोरांच्या शाळा हितं, घर हितं. तुला सांगायला जीभच रेटंना."

मला कळत नव्हतं असं नाही. सगळ्या गल्लीला कळत होतं. पण तिच्या तोंडून ऐकलं ते पहिल्यांदा, आणि ऐकल्यावर ती लई हवीशी वाटली. आत्ताच्या आत्ता इथं, पलंगावर, पाय पसरून बसलेली.

"मग काढ चौथी जागा," मी म्हटलं.

"काढू?"

"काढ. तुझं बरोबर आहे."

फोन चालूच होता. पलीकडं कॉम्प्युटरची बटणं दाबल्याचा आवाज आला, आणि मग ती रडायला लागली.