दादाचा फोन

दादा कारखान्याचा स्लिपबॉय. गावात कोणाच्या उसाला कधी तोडणीची टोळी मिळणार, हे त्याने सांगायचे. दारू सोडून त्याला सात महिने झाले होते आणि गळीत हंगाम सुरू होता. आदल्या हंगामात याच दिवसांत तो पुन्हा प्यायला लागला होता.

टोळ्या कमी आल्या होत्या, उसाला तुरे फुटले होते. सकाळी सहापासून फोन वाजायचा. एकदा स्पीकर सुरू असताना मी ऐकले, "टोळी कामून धाडीना रं? उसाचं सरपण झालं, आता चुलीत घालू का?" दादा हसला, पण ताटावरून अर्धपोटी उठला.

मी बीडहून आठवडाभर रजा काढून आलो होतो. ताण येऊ देऊ नका, असे व्यसनमुक्ती केंद्रात सांगितले होते. मी त्याचा सरळ अर्थ लावला. दादाला ताप आहे असे कारखान्यात कळवले आणि फोन स्वतःकडे ठेवला.

"बरं केलंस. कटकट गेली," आई म्हणाली.

"सांजच्याला तेवढा देत जा," दादा म्हणाला. मी दिला नाही.

रोज संध्याकाळी नेकनूरहून एकाचा फोन यायचा. केंद्रात तो दादाच्या शेजारच्या खाटेवर होता. मी त्याला पिण्यातला सोबती समजलो. दोन दिवस "दादा झोपलाय" म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ओ भाऊ, तलफ आली की आमी एकमेकाला फोन करतो. सात महिने तेच चाललंय. उठवा त्याला."

मी अंगणात पाहिले. दादा नव्हता.

दिवेलागणीला तो आला. दारात असतानाच वास आला. आईने पदर तोंडाला लावला. त्याने माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. नंबर लावून तो भिंतीला टेकून खाली बसला.

"गड्या, आज घेतली."

मग बराच वेळ नुसतेच "व्हय... न्हाई... घरीच हाय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नेकनूरचा माणूस आला. दुपारपर्यंत दोघे लिंबाखाली बसून होते. मी चहा नेला तेव्हा बोलणे थांबले.

आता मी बीडहून फोन केला की दादा टोळ्यांचे सांगतो, आईच्या गुडघ्याचे सांगतो. पिण्याचे विचारले, तर म्हणतो, "ते त्याला म्हाईत हाय."