बिनमातीची वेल

जळकोटहून निघालो त्या सकाळी अप्पांनी बैल जुंपले, पण स्वतः गाडीत बसले नाहीत. रझाकार आमच्या शिवारात दिसायला लागले होते. बऱ्याच घरांनी लेकीबाळी निजामाच्या हद्दीपार सोलापूरला धाडल्या होत्या. अप्पांना दुकान सोडवेना, म्हणून माझी आई, अव्वा, आणि मी तिथं मामाकडं निघालो.

ऐनवेळी अव्वानं परसातल्या वेलीचा हातभर तुकडा कापून आणला. ही वेल अप्पांनी मलनाडाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका लग्नाहून आणली होती. ती मातीत लावायची नाही, झाडाच्या सालीला बांधायची. हवेत मुळं सोडत ती वर चढायची. फुलं मेणाची केल्यासारखी. गाव तिला बांडगूळ म्हणायचं.

ओल्या फडक्यात गुंडाळत अव्वा म्हणाली, "हिला जमीन लागत न्हाय. कुठंबी ऱ्हाईल."

मामाची खोली विणकरांच्या चाळीत होती. मी वेल नारळाच्या सोडणाला बांधून खिडकीत टांगली. उन्हाळ्यात तिची पानं सुरकुतली. अव्वा तर रस्त्यावर मोटार वाजली की दाराशी धावायची, आत येऊन बसली की पुन्हा उठायची. मलाही एका जागी बसवत नव्हतं. जाळलेल्या घरांच्या बातम्या येत, अप्पांची मात्र एकही नाही.

शेजारच्या नरसम्मांनी वेल त्यांच्या ओसरीत नेली. तिथं रंगवलेलं ओलं सूत टांगलेलं असे, गारवा असे. मलाही त्यांनी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. "हात चालू ठेव पोरी, म्हंजी डोकं थांबतंय." पावसाळ्यात वेलीला कोंब फुटला, तो ओसरीच्या जाळीवर चढला. मला मजुरी मिळू लागली.

निजामाची राजवट संपली आणि एक दिवस अप्पा दारात उभे. खंगलेले, पण धडधाकट.

"एक निरोप धाडता आला न्हाय तुमाला?" म्हणत अव्वा रडायलाच लागली.

अप्पा आम्हाला न्यायला आले होते. मी म्हणाले, "अप्पा, मी ऱ्हाते इथंच."

"आता भ्या न्हाय गं तिथं."

"भ्या म्हणून न्हाय, अप्पा."

मी नरसम्मांच्या ओसरीकडं बघितलं. अप्पा तिथं जाऊन वेलीजवळ उभे राहिले. तिला नुकताच फुलांचा झुबका आला होता. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "फुलं गळली की दांडी खुडू नगं. त्याच दांडीला पुन्हा येत्यात."

त्यांची परवानगी मला तेवढ्यावरून कळली.

अव्वा अप्पांबरोबर परतली. दिवाळीला मी जळकोटला गेले. दोन दिवस गोड गेले, तिसऱ्या दिवशी जीव रमेना. अव्वानं ते ओळखलं. चौथ्या दिवशी उजाडताच वाटेच्या भाकरी थापायला बसली. थापताना मध्येच थांबून पदरानं डोळे पुसत होती.

जळकोटची तुम्ही सगळी मंडळी विचारता, घरी कधी येणार. येईन. पण खरं सांगू का, तिकडं येताना आणि तिकडून परतताना, दोन्ही वेळा मी घरीच निघालेली असते.