मोहफुलाच्या तपकिरी सॉसची उलटतपासणी

लेबल वाचल्याशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही, असं घरचे म्हणतात. कारण माझी लेक ईरा. तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव जरा जरी पोटात गेले तरी तिचे हाल होतात. जूनमध्ये ती हॉस्टेलला जाणार. तिथे मी नसताना ही काय खाईल, या धास्तीने मला झोप लागेना. शेवटी ठरवलं, एक दिवस डबा न घेता बाहेर पडायचंच. गोसीखुर्द धरणाला!

नागपूरहून सकाळी आम्ही दोघीच निघालो. भंडाऱ्यापर्यंत हायवे, पुढे पवनीचा रस्ता. अड्याळच्या बाजारात फक्त केळी घेतली. समोशांकडे मी ईराला बघूही दिलं नाही. स्वतःची गाडी असेल तर सहल एका दिवसात आरामात होते. धरणावर सावली नाही, टोपी न्याच.

धरणाजवळ सुमनताईंची मासे-भाताची टपरी आहे. टेबलावर केचपची बाटली, पण आत भलतंच काहीतरी दाट, तपकिरी. मी झाकण काढून वास घेतला. आंबटगोड, लवंगेचा.

"काहून हुंगून राहिल्या ताई? घरचा सॉस हाय," सुमनताई म्हणाल्या.

"व्हिनेगर आहे यात?"

"चिंच असताना ते कायले? चिंच, गूळ, लसण, लवंग अन् मोहफूल. आमचे मालक नागपूरले हॉटेलात होते, तिथं खजूर टाकत. इथं मोह फुकट पडून राह्यते न!"

"आणि दाट कशाने केला? मैदा?"

त्या हसल्याच. "धानाच्या मुलखात मैदा कायले? तांदळाचं पीठ हाय. माशालेबी तेच."

तरी मी कोपऱ्यात कणकेची पिशवी दिसते का ते पाहून घेतलं. दिसली नाही. मी होकाराची मान हलवली. ईराने चमचा उचलला आणि थांबली.

"काकू, हिंग घातलाय?"

"हो तं. चिमूटभर."

डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, हे मला पाठ आहे. नेमकं तेच विचारायचं राहिलं होतं. ईराने मात्र ते त्यांना सांगून टाकलं.

"हिंगात मैदा? येड्यात काढून राहिली का मले?" आता संशय घ्यायची पाळी सुमनताईंची. ईराने डबीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, तसा त्यांचा चेहराच उतरला. "माय वं! तू खाल्लं असतं तं?"

त्यांनी बाटली उचलून नेली, भांडं घासलं आणि हिंगाशिवाय ताजा सॉस शिजवला. अर्धा तास गेला, पण तळलेल्या माशावर तो काय लागला म्हणून सांगू! वांग्याच्या भाजीत, अंडाभुर्जीतही त्या चमचाभर घालतात. मोहफूल आहे म्हणून पौष्टिक समजून ओतून मात्र घेऊ नका, गूळ-मीठ भरपूर असतं. दोघींचं जेवण तीनशेच्या आत झालं.

परतताना मी सारखी आरशातून तिचा चेहरा न्याहाळत होते. "आई, पुढे बघ," ती वैतागली. पोट दुखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी मी घरी तोच सॉस केला, टिकावा म्हणून थोडं व्हिनेगर घालून. ईराने ताट बाजूला सारलं.

"व्हिनेगर कसलं? जवाचं नाही ना? बाटली दाखव."

"अगं, आई आहे मी तुझी!"

"दाखव."

तिने उभ्यानेच अख्खं लेबल वाचलं, मग जेवायला बसली. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तिची हॉस्टेलची बॅग मी त्याच दुपारी भरायला काढली.