पेटीतली झणझण

अणदूरच्या भजनात मी तीस वर्षं पेटी वाजवतो. म्हणणारा दम घ्यायला थांबला की मधली जागा सुरांनी भरायची, हे पेटीवाल्याचं काम. गुरुजींनीच ते मला आणि माझ्या गुरुबंधूला शिकवलं. मला मात्र कायम म्हणायचे, "लई भरतूस."

गुरुबंधू नोकरीसाठी पुण्याला गेला. थकलेल्या गुरुजींना रोज सकाळी चहा देऊन पेटी ऐकवणं माझ्याकडं राहिलं. गेल्या वर्षी तो आला आणि त्यांच्या उशाशी छोटा स्पीकर ठेवून गेला. त्यातल्या मेमरी कार्डात नुसत्या पियानोची रेकॉर्डिंग होती, परदेशातल्या कुणाकुणाची. गाणं नाही, ठेका नाही. तेच चार सूर पुन्हा पुन्हा, मग एखादाच सूर, आणि तो विरेपर्यंत काहीच नाही. मला वाटलं, गुरुजी हसतील. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

"मोकळं सोडलंय बघ," म्हणाले.

असं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं. त्यानं तर ते दुसऱ्याचं वाजवणं आणून देऊन मिळवलं.

पुढं रोज सकाळी गुरुजी पेटीऐवजी स्पीकरच मागू लागले. एक दिवस मी कार्ड काढून पेटीच्या झाकणाखाली सरकवलं आणि सांगितलं, बिघडलंय, एकाच जागी अडकतंय. गुरुबंधूचा फोन आला तेव्हा त्यालाही म्हणालो, गुरुजींना ते रुचलं नाही. तो पडलेल्या आवाजात "बरं" म्हणाला. मला त्याचं समाधान वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते.

आठवडाभर मी मनसोक्त वाजवलं. मग एका सकाळी गुरुजींनी हात वर केला. "खर्जाला काहीतरी झणझणतंय. झाकण काढ."

जागा भरायच्या नादात मला ते ऐकूच आलं नव्हतं. झाकण काढलं. कार्ड दोघांच्या समोर होतं.

"ते अडकत नव्हतं गा," ते म्हणाले. "दर खेपेला जरा येगळं यायचं."

मी कार्ड बसवलं. एक सूर वाजून थांबला. माझा हात सवयीनं पेटीच्या भात्याकडं गेला. गुरुजींनी तो धरला आणि सूर संपेपर्यंत सोडला नाही.

त्याच दिवशी गुरुबंधूला फोन केला. गुरुजी रोज ऐकतात, एवढंच सांगितलं. तो इतका खूश झाला की कार्ड मीच लपवलं होतं, हे सांगणं राहूनच गेलं. त्याच्या त्या खुशीचाही मला हेवा वाटला.