सोसायटीतली हक्काची केस

दिनानाथ म्हणजे चंदनसारच्या एका सोसायटीतली कॉलेजच्या पोरींची हक्काची केस. प्रोजेक्टला म्हातारा हवा असला की त्यांची बेल वाजवायची, एवढाच काय तो या पोरींचा अभ्यास! नर्सिंगवालीने बीपी घेतलं, तेही पट्टा उलटा बांधून. मानसशास्त्रवाली उन्नती मोबाईलमधून मान वर न काढता विचारत होती, ‘काका, तुम्हाला एकटं वाटतं का?’ साहित्यवालीला सामान्य माणसाचं व्यक्तिचित्र लिहायचं होतं, आणि निघेपर्यंत तिला दिनानाथांचं आडनावही ठाऊक नव्हतं. त्यांची बायको जयवंती मात्र प्रत्येकीला चहा आणि नानकटाई द्यायची.

‘यांच्या हाती उद्या माणसं सोपवायची? मी तर बकरीसुद्धा देणार नाही,’ पोरगी गेली की दिनानाथ फणकारायचे. जयवंती हसायची.

दिवाळीनंतर जयवंती वारली.

यंदा प्रोजेक्टचे दिवस आले तसे दिनानाथ रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसू लागले. कुणी फिरकलं नाही. शेवटी गेटपाशी शेजारच्या सोसायटीतली क्षितिजा दिसली. तीही मानसशास्त्रालाच होती.

‘काय गं, यंदा केस नको का कुणाला?’

‘झालं पण, काका! उन्नतीताईचं गेल्या वर्षीचं होतं ना, तेच उतरवून दिलं. तुम्हाला कशाला त्रास?’

‘काय लिहिलंयस माझ्याबद्दल?’

‘हेच, की घरात काकू असल्यामुळे तुम्हाला एकटेपणा अजिबात जाणवत नाही. मॅडम म्हणाल्या, किती खरं उतरलंय!’