वळणावरचा थांबा

घाटातल्या त्या वळणावर ना घर, ना झाड. तरी एकतीस वर्षं तो तिथे बस थांबवायचा, दार उघडायचा आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचा. जुन्या ड्रायव्हरने जाताजाता तेवढंच बजावलं होतं. निवृत्तीनंतर तो म्हातारा पुन्हा कुणाला दिसला नाही. कंबर गेली, जीव विटला, पण याने नेम मोडला नाही. मेलं कुणी तिथे कधी चढलं मात्र नाही.

आज नव्या ड्रायव्हरला सगळं समजावून तो निवृत्त झाला आणि पहिल्यांदाच प्रवासी म्हणून मागच्या सीटवर टेकला. "सुटलो एकदाचा!"

वळणावर दार उघडलं. आख्खी बस मागे वळून त्याच्याकडेच बघत होती.

"काका," नवा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "नव्वद झाले."